प्लास्टर ओरडत नाही

रविवार, २ फेब्रुवारी

आज पाळकांनी स्वतःला नाकारण्यावर प्रवचन केलं. चांगलं होतं, पण एकच दाखला दोनदा आला. शेवटी म्हणाले, या महिन्यात प्रत्येकाने रोज स्वतःला एक प्रश्न विचारायचा — आज माझ्यातला 'मी' कुठे लपून बसला होता? गुरुवारच्या प्रार्थनागटात त्यावर बोलायचं.

लोक माना हलवतात, घरी जातात आणि जेवून झोपतात. मी तसं करणार नाही. लिहून काढणार. माझी शाळा सातवीत सुटली, पण अक्षर सुटलं नाही. कवळ्या बनवायलाही मला कोणी शिकवलं नाही. दुसऱ्यांचे हात बघत, टाकून दिलेल्या कवळ्या फोडून पुन्हा जोडत शिकलो. आज दातांच्या डॉक्टरबाई पेशंटना सांगतात, "आमचे कारागीर आहेत, निश्चिंत राहा." तेव्हा आत्मपरीक्षण मला कोणी शिकवायला नको.

आजचा 'मी': विशेष सापडला नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

खूप शोधला. एक सापडला. सकाळी पावाच्या कडा हिच्या बशीत सरकवल्या आणि मऊ तुकडे मी घेतले. बारीक गोष्ट, पण प्रामाणिक राहायचं म्हणजे राहायचं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात स्टुलाला अडखळलो. वरच्या फळीवरचं काढायला ही स्टूल घेते आणि तिथेच सोडते. ती फळी मी स्वतः बसवलेली आहे. पाणसळ लावून. गोटी ठेवली तर जागची हलणार नाही! "स्टुलाची जागा कोपऱ्यात," म्हटलं. "बरं," म्हणाली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाबांच्या नव्या कवळीबद्दल लिहायचं राहूनच जातंय, आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम आहे.

जुनी कुठल्यातरी भलत्याने केलेली. मधोमध चीर, पुढचा एक दात टवका उडालेला. माझा बाप असली कवळी घालून चर्चमध्ये बसतो, लोक काय म्हणतील? कारागिराच्या घरी बापाच्या तोंडात अंधार! डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "एकदा खुर्चीत आणून बसवा त्यांना. बोट फिरवून बघते." म्हटलं, कशाला? माप घरीच घेतलं. प्लास्टर ओतलं, बाबांचा जबडा टेबलावर उभा केला. मेणात दात लावताना रंग तीनदा बदलला — म्हाताऱ्या माणसाला पांढरेफेक दात शोभत नाहीत, किंचित चहाच्या रंगाकडे झुकलेले हवेत. खालची कवळी प्लास्टरवर अशी बसली की मधे केस सरकणार नाही.

बाबांनी घातली. मी विचारलं, "कशी झालीय?"

"झकास," म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. माझ्याही.

जुनी कचऱ्यात टाकायला निघालो तर म्हणाले, "राहू दे, मी टाकतो."

नव्या कवळीपासून बाबा बदललेत. आधी दिवसभर बडबड. बस चालवायचे त्या काळातल्या हजार गोष्टी, त्याच त्याच. आता शांत असतात. खिडकीशी पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन बसतात. खाणंही कमी झालंय, पाव दुधात भिजवून खातात. उतारवयात माणूस अंतर्मुख होतो, हे खरंच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गटात पावाच्या कडांची गोष्ट सांगितली. शिंपीणबाई म्हणाल्या, "चार दिवसांत एवढंच सापडलं? मग तुम्हीच आमच्यासाठी प्रार्थना करा हो." सगळे हसले. मीही हसलो, पण नाकाला मिरच्या झोंबल्या. या बाई दुसऱ्यांचे कपडे उसवता उसवता माणसंही उसवायला शिकल्यात.

स्वार्थाचं उदाहरण द्यायचंच तर धाकट्याचं द्यायला हवं होतं. माझा सख्खा भाऊ. घरांना रंग देतो, शेजारच्या गावात राहतो. वर्षातून दोनदा येणार, बाबांच्या पाठीवर थाप मारणार, हसवणार आणि सहा वाजता पसार! औषधपाणी, आंघोळ, नखं, डॉक्टर — सगळं मी. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला सांगायचं?

रविवार, ९ फेब्रुवारी

आज प्रभुभोजन. बाबा माझ्या शेजारी. भाकरीचा तुकडा त्यांनी तोंडात किती वेळ धरून ठेवला! चावलासुद्धा नाही. डोळे मिटलेले, कपाळाला आठी, पापणीखाली ओल. आमच्यासारखे गिळतात आणि मोकळे होतात. मी मनात म्हटलं, बघ, भक्ती याला म्हणतात.

बाहेर पडताना पाळकही म्हणाले, "वडिलांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज आहे हल्ली." मी म्हटलं, नवीन कवळी. हसले. मला ते विनोदाने म्हणायचं नव्हतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. "दादा, बाबांना आठ-दहा दिवस आमच्याकडे पाठव ना."

आजवर नाहीच म्हणत आलो. त्याच्या घरात जेवणाला वेळ नाही, झोपेला वेळ नाही. मुलं, रंगाच्या बादल्या, रेडिओ — सगळं एकमेकांच्या अंगावर. आणि मी असताना बाबांनी दुसरीकडे का राहावं?

हिला विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली. हिचं हे नेहमीचं. लग्न झाल्यापासून कधी वाद म्हणून नाही.

मग विचार केला — स्वतःला नाकारायचंय ना? मग नाकारू. पाठवतो. फोन करून सांगितलं तर धाकट्याला क्षणभर खरंच वाटेना. "दादा, बरा आहेस ना?" म्हणाला.

आजचा 'मी': आज त्याला घराबाहेर काढला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

धाकटा उशिरा आला, अपेक्षेप्रमाणे. पँटीला तीन घरांचे रंग. बाबांची पिशवी मी भरून ठेवली होती. गोळ्या कोणत्या वेळी, पाणी किती कोमट, कवळी रात्री वाटीत पाण्यात — सगळं तोंडी सांगितलं. दोनदा.

"दादा, बाबांना नेतोय की काचेचं झुंबर?"

बाबा हसले. तोंड न उघडता, नुसत्या गालांनी.

जाताना मी म्हटलं, "बाबा, दिवसा कवळी काढून ठेवायची नाही हं, सवय मोडेल." बाबांनी मान डोलावली. ही दारातच उभी होती. बाबांच्या हातात तिने एक रुमालाची पुरचुंडी दिली. "खडीसाखर आहे," म्हणाली.

घर रिकामं वाटतंय. पण मन भरलेलं आहे. त्यागाचा आनंद असाच असतो म्हणतात.

बुधवार, १९ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. "बाबा मस्त जेवतायत, दादा! आज पाव भाजला होता, तर म्हणाले मऊ तुम्ही खा, कडा मला द्या."

कडा! कुरकुरीत कडा! माझ्याकडे तर दुधात बुडवलेल्या पावाचाही अर्धा तुकडा टाकून उठायचे.

"बघ, कवळी कशी चालतेय ती," मी म्हटलं.

मग धाकटा म्हणाला, "हो... हो ना."

फोन ठेवला आणि कामात लक्ष लागेना. दात मी द्यायचे आणि चावणं त्याच्याकडे! काय घालतात जेवणात? बाबा इकडे का जेवत नव्हते? मुद्दाम? बाबा तसे नाहीत. मग धाकटाच काहीतरी बोलला असेल.

एक कवळी घासताना कड जास्त गेली. पुन्हा करावी लागणार. असं माझ्या हातून होत नाही.

आजचा 'मी': लिहायला वेळ नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

न सांगता गेलो. खरं कारण लिहितो — धाकट्याला पकडायचं होतं. काय करताना पकडायचं, ते ठरवलं नव्हतं.

दुपार. त्याचं दार उघडंच होतं. त्या घराचं दार म्हणजे रस्त्याचाच तुकडा. पायरीवर बादल्या, ब्रश घासलेटात बुडवलेले. आतून बाबांचा आवाज. चढा, खणखणीत, कितीतरी दिवसांत न ऐकलेला —

"— तर ती बाई बसमध्ये चढली, कडेवर हे एवढं शिवणयंत्र! वाहक म्हणतो, बाई, याचं अर्धं तिकीट पडेल. ती म्हणते, का हो? अजून चालायला कुठे लागलंय ते!"

आणि हसू. धाकटा, त्याची बायको, मुलं. आणि बाबा सगळ्यांत मोठ्याने.

मी दारातून हाक मारली, "बाबा!"

बाबा माझ्याकडे पाठ करून बसले होते. पण समोरच्या कपाटाला आरसा आहे. त्यात मला दिसलं. हसू तिथल्या तिथे थांबलं. बाबांनी घाईघाईने हात तोंडाशी नेला, तोंडातलं काहीतरी काढून रुमालात लपवलं. भावजयीने न सांगता खिडकीतली वाटी त्यांच्यापुढे केली, रोजच्या सवयीने करावी तशी. वाटीत माझी कवळी. बाबांनी ती घातली. अंगठ्याने आत दाबली. डोळे घट्ट मिटले — कपाळाला आठी, पापणीखाली ओल.

मग वळले. हसले. गालांनी.

"अरे थोरल्या! ये, ये. हे बघ, घालूनच बसलोय."

मी बसलो. चहा झाला. कसा झाला, माहीत नाही. धाकटा मला सोडायला पायरीपर्यंत आला. रुमालात काय आहे, हे मी विचारायच्या आधीच म्हणाला, "जुनी कवळी. बाबांनी टाकली नव्हती. वहिनींनी बांधून दिली होती त्यांना."

"ती फुटलीय!"

"चिकटवली मी. कपाच्या कानाला लावतो ना, ते घेऊन. रागावू नकोस."

कपाच्या कानाला! बापाच्या तोंडात कपाचा गोंद! तेवढ्यातही, देवा, मला आधी गोंदाचाच राग आला.

"दुखत होतं तर मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुला?" धाकटा हसला. वाईट हसला नाही. "दादा, तू विचारतोस 'कशी झालीय?' त्याला एकच उत्तर असतं."

"म्हणजे?"

"मी म्हटलं त्यांना, दादाला सांगू या. तर म्हणाले, पोराने जीव ओतलाय रे. तोंडाचं काय, होईल सवय."

परतीची वाट कशी गेली, आठवत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

चर्चला गेलो, पण कानावर शब्द पडले नाहीत. शेजारची जागा रिकामी. प्रभुभोजनाच्या दिवशी इथेच बसून बाबांनी तो तुकडा तोंडात धरला होता, मऊ होईपर्यंत. चावता येत नव्हता म्हणून. मी त्याला भक्ती म्हटलं. पाळकांनी तेज म्हटलं.

दुपारी बाबांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा फळीवरून काढला. खालची कवळी त्याच साच्यावर घडवली होती, तिची अस्सल जागा ती. हात फिरवला. उंचवटे, खाचा, सगळं हुबेहूब. मी जन्मभर हेच जबडे हाताळले. दाबा, खरवडा, कानस चालवा, प्लास्टर ओरडत नाही. म्हणून मला वाटलं, जे ओरडत नाही त्याला दुखत नाही.

गुडघे टेकले. म्हटलं, प्रभू, क्षमा कर. आणि लगेच मनात आलं — पण माप बरोबर होतं. पुन्हा सुरुवात केली. प्रभू, मी बापाला दुखवलं. पुन्हा — पण हेतू चांगला होता. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'पण'. शेवटी बोलणंच थांबवलं, नुसता टेकून राहिलो. खरी प्रार्थना तेवढीच झाली असेल.

हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"दूध कोमट करून देत होते ना," म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.



सोमवार, २४ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. सांगताना 'आमच्या वडिलांना जरा टोचतंय' इतकंच सांगणार होतो. ऐनवेळी सगळं बाहेर आलं. घरी माप घेतलं तेही. त्या रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.

"उद्या आणा. आणि तो गोंद आजपासून बंद, सांगा तुमच्या भावाला."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

धाकटा बाबांना घेऊन वेळेवर आला. वेळेच्या आधी. मी भिंतीशी उभा. इतकी वर्षं या दवाखान्याचं काम करतो, पण या खोलीत कोणी खुर्चीत असताना कधी आलोच नव्हतो. माझी खोली मागे.

बाबांनी कवळी काढली. डॉक्टरबाईंनी खालच्या हिरडीवर बोट ठेवलं. सावकाश पुढे नेलं. बोट तोंडात, पण नजर तोंडात नव्हती. बाबांच्या डोळ्यांकडे बघत होत्या. मागे डाव्या बाजूला आल्या आणि बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला.

"इथे?"

"नाही, तसं काही..." बाबांनी माझ्याकडे बघितलं. "बनवलीय छान."

"बाबा," मी म्हटलं. "दुखतंय का?"

माझ्या तोंडून हे दोन शब्द पहिल्यांदा निघाले. म्हातारा माणूस क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. मग शाळेतल्या पोरासारखी मान हलवली.

"लई दुखतं रे."

हिरडीखाली हाडाची धार आलेली आहे. वर कातडं पातळ. मापात ती दिसते, पण नुसता उंचवटा म्हणून. दुखरा उंचवटा आणि न दुखणारा उंचवटा प्लास्टरमध्ये सारखेच दिसतात. जखम होती. डॉक्टरबाईंनी मला बोलावून दाखवली. बघवली नाही. बघितली.

त्यांनी कवळीवर जांभळ्या पेन्सिलीने खूण केली. "इथे मोकळीक द्या. इथे कडही उतरवा."

ती कड! सगळ्यात जास्त जीव मी त्या कडेवर लावला होता. तोंडात आलं होतं, 'आकार जाईल बाई.' गिळलं. मागच्या खोलीत जाऊन घासली. गुलाबी भुकटी हातावर पडत होती. सुबक दिसत नाही आता. ओबडधोबड दिसते.

बाबांनी घातली. जबडा हलवला, इकडे, तिकडे. आणि म्हणाले, "चणे आणा रे कोणीतरी! दात आलेत!"

धाकटा मोठ्याने हसला. मला हसता आलं नाही. माझं तोंड वेगळ्याच कामात होतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

कामावरून परस्पर धाकट्याकडे. रिकामी पिशवी घेऊन. बाबांना घरी आणायचं ठरवूनच. आता कवळी ठीक, आता सगळं ठीक.

धाकटा कामावर होता. भावजय मुलांना दटावत होती. बाबा भाजलेला पाव खात होते. कुरकुर आवाज येत होता. जगात यापेक्षा गोड आवाज नसेल.

"मग बाबा, निघायचं घरी?"

"तू म्हणशील तसं."

पिशवी उघडली होती मी. कपडे भरायला हात पुढे गेला होता. आणि तिथेच थांबला. 'कशी झालीय' आणि 'निघायचं' — दोन्ही एकाच साच्यातले प्रश्न.

पिशवी खाली ठेवली. समोर बसलो. डॉक्टरबाई बघत होत्या तसं डोळ्यांकडे बघितलं. म्हटलं, "बाबा, मी काहीच म्हणत नाहीये. तुम्ही म्हणा."

बाबांनी पाव खाली ठेवला. कण वेचले. बराच वेळ वेचले. मला पाच वेळा बोलायची हुक्की आली. जीभ दातांखाली धरली — माझे स्वतःचे आहेत, म्हणून दुखलं.

"इथे जरा... आवाज असतो रे," म्हणाले. "गलका. मला बरं वाटतं त्यात. तुझ्याकडे सगळं जागच्या जागी असतं. मग मलाही जागच्या जागी बसावं लागतं."

थांबले. मग घाईने, "पण तू म्हणत असशील तर —"

"नाही," मी म्हटलं. "राहा इथेच."

तोंडाने म्हटलं. आतून एकेक अक्षर मुळासकट उपटून काढावं लागलं. तेरा वर्षं मी केलं त्यांचं! आणि शेवटी गलका जिंकला. बापाला सोडणं एक वेळ जमेल. 'सेवा करणारा मुलगा' हा माझा शिक्का सोडणं जमत नाही. लोक विचारतील, वडील कुठे? भावाकडे. का? या 'का'ला काय सांगायचं? सेवा बाबांची चालली होती की माझी, हे देवालाच ठाऊक. आता मलाही थोडं ठाऊक.

निघताना बाबांनी हात धरला. "येत जा रे. नुसता ये. काही आणू नको, काही दुरुस्त करू नको."

गुरुवार, २७ फेब्रुवारी

गटात साक्ष दिली. छान दिली. आरशात दिसलेलं सांगताना आवाज कापला, तिथे थांबलो, मग पुढे गेलो. प्लास्टरचं वाक्य शेवटी ठेवलं. खोलीत कोणी हललं नाही. पाळकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "आज प्रवचनाची गरज नाही." लोकांनी हात हातात घेतले.

भरून आलं. प्रभूने माझ्यातला 'मी' अखेर मारला असं वाटलं.

चपला घालताना शिंपीणबाई शेजारी. "साक्ष अगदी इस्त्रीची होती हो. कुठे एक सुरकुती नाही."

"धन्यवाद," मी म्हटलं. आणि मग कळलं की कौतुक नव्हतं.

"घरी आता दोघंच ना तुम्ही?" इतकंच विचारलं आणि छत्री उचलून गेल्या.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दिवसभर त्या बाईंचा राग. काय चुकीचं बोललो? एक शब्द खोटा नव्हता.

संध्याकाळी आठवलं. काल कामावरून येताना सगळ्या रस्त्याने मी ती साक्ष मनात घडवत होतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. मेणात दात लावावेत तशी वाक्यं लावत होतो. आणि चहाला पाळकांच्या शेजारची खुर्ची मिळावी म्हणून थोडा मागे रेंगाळलोही.

'मी' मेला नव्हता. पांढरा सदरा घालून साक्ष देत होता. आणि टाळ्या वाजल्या नाहीत म्हणून थोडा खट्टूही होता.

प्रभू, हा कुठून कुठून निघतो रे? पावाच्या कडेत सापडत नव्हता. आता वळेन तिथे उभा.

रविवार, २ मार्च

महिना संपला. पाळकांनी पुढचा विषय दिला — कृतज्ञता. मी अजून मागच्यावरच आहे.

मंगळवार, ४ मार्च

आज लवकर घरी आलो. ही स्वयंपाकघरात स्टुलावर चढलेली, टाचा वर करून, वरच्या फळीवरचा डबा बोटांच्या टोकांनी पुढे ओढत होती. माझा हात फळीला सहज पोचतो. हिचा नाही. इतकी वर्षं ती तिथे आहे.

डबा काढून दिला. स्टूल कोपऱ्यात ठेवायला उचललं, आणि तिथेच ठेवलं. म्हटलं, "तुला कुठे दुखतं का?"

"मला काय झालंय? छान आहे सगळं."

मी हललो नाही. डोळ्यांकडे बघत राहिलो. शेगडीवर दूध वर येत होतं. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले, पुन्हा पुसले.

"फळी खाली घेऊ का?" मी विचारलं. "उद्याच घेतो."

"फळीचं राहू द्या," ती म्हणाली. स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

"बसा."